मदत हवी आहे: ब्लड कॅन्सरमध्ये व्हिटॅमिन डी रोज द्यावं का?

आप्पांचा_मुलगा
सोलापूरहून लिहितोय. आप्पांना ब्लड कॅन्सर निघालाय. व्हिटॅमिन डी फक्त 8 आलंय. चुलतभावानं वाचलं की डी दिलं की कॅन्सरच्या कच्च्या पेशी पक्व होतात. डॉक्टरांना विचारलं तर "ते आत्ता महत्त्वाचं नाही" म्हणून पुढच्या पेशंटकडे गेले. 60,000 चे सॅशे मेडिकलमध्ये मिळतात. रोज एक दिला तर चालेल का? कृपा करून "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, विचारून झालंय. आज रात्री ठरवायचंय.

कडक_भाकरी
कुठला ब्लड कॅन्सर? एएमएल, एएलएल, सीएमएल? वय काय? कॅल्शियम, क्रिएटिनिन किती? काय औषधं चालू आहेत?

सकाळचं_ऊन
सॅशे कशाला? सोलापुरात उन्हाला काय तोटा? रोज अर्धा तास गच्चीत बसवा. माझी गुडघेदुखी त्यानंच गेली.

पूर्वभाग
ताई, आमच्या भागात माणूस दिवस दिवस लूमच्या शेडमध्ये असतो. बाहेर 44 डिग्री असली तरी अंगाला ऊन लागत नाही. आणि ॲडमिट माणसाला गच्चीत कसं न्यायचं?

सकाळचं_ऊन
ॲडमिट आहेत हे त्यांनी कुठं लिहिलंय?

आप्पांचा_मुलगा
ॲडमिटच आहेत, 12 दिवस झाले. वय 54. ब्लड कॅन्सर म्हणजे ब्लड कॅन्सरच ना, आणखी काय सांगू? कॅप्सूल चालू आहेत, सलाईनमधून रोज 2 तास काहीतरी जातं. सोमवारपासून 3 सॅशे दिलेत, दुधातून. मला फक्त हो की नाही सांगा.

निवृत्त_पॅथॉलॉजी
नाही. चौथा देऊ नका. वॉर्डात आजच सांगा की 3 दिलेत.

8 ही कमतरता आहे आणि ती भरून काढावीच लागते, पण 60,000 चा डोस साधारण आठवड्यातून एकदा असतो, रोज नाही. जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं: तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, गुंगी, मग किडनीवर ताण. कॅप्सूलचं नाव वाचून लिहा. त्याशिवाय पुढं काही सांगणं धोक्याचं आहे.

हिरवी_पानं
प्लेटलेट किती आहेत? पपईच्या पानांचा रस द्या. भाच्याला डेंग्यूत दोन दिवसांत फरक पडला होता.

कडक_भाकरी
डेंग्यूत ताप उतरला की प्लेटलेट आपोआपही वाढतात. इथं हाडांतल्या मज्जेतच पेशी तयार होत नाहीयेत. शिवाय संसर्गाला जपायचं असताना घरी वाटलेला कच्चा रस नको.

हिरवी_पानं
अनुभवाला काही किंमतच नाही का इथं?

पूर्वभाग
पुढं मुंबईला जायची वेळ आली तर सिद्धेश्वर एक्सप्रेसनं रात्री निघा. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या पेशंटची सोय होते, आम्ही वहिनीला घेऊन तिथंच राहिलो होतो. जवळ हवं तर बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहेच.

आप्पांचा_मुलगा
मुंबईचं विचारलं नाही हो. कॅप्सूलवर ट्रेटिनॉइन लिहिलंय. फाइलवर "एपीएल, एम 3, टी 15;17".

निवृत्त_पॅथॉलॉजी
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. आता नीट वाचा.

चुलतभावानं वाचलं ते खोटं नाही. 1981 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की डीचं सक्रिय रूप उंदराच्या ल्युकेमिया (ब्लड कॅन्सर) पेशींना पक्व व्हायला लावतं. माणसाच्या एचएल-60 या प्रयोगशाळेत वाढवलेल्या ल्युकेमिया पेशींवरही तेच दिसलं, त्या मोनोसाइट या पक्व पांढऱ्या पेशींसारख्या होतात. डी पेशीत शिरून व्हीडीआर या रिसेप्टरला चिकटतं, तो आरएक्सआर नावाच्या जोडीदाराला घेऊन डीएनएवर बसतो आणि पक्व पेशीची जनुकं, उदाहरणार्थ सीडी14, चालू होतात. पण चंचुपात्रात जेवढं डी लागतं तेवढं अंगात दिलं तर त्याआधीच कॅल्शियम चढतं. म्हणून इतक्या वर्षांनंतरही ते ल्युकेमियाचं नेहमीचं औषध झालेलं नाही.

आता आप्पांचं. एपीएल किंवा एम 3 हा ब्लड कॅन्सरचा एक प्रकार आहे. 15 आणि 17 या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन एक जोडप्रथिन तयार झालंय. ते पेशींना प्रोमायलोसाइट या कच्च्या अवस्थेतच अडवून धरतं. ट्रेटिनॉइन ती अडवणूक सोडवतं आणि पेशी पक्व होतात. ते व्हिटॅमिन 'ए'चं रूप आहे. म्हणजे तुम्ही जे डीकडून मागताय, ते काम 'ए'च्या कॅप्सूलनं सुरूच आहे. सलाईनमधून जातं ते बहुधा आर्सेनिक ट्रायऑक्साइड. या जोडीनं बहुसंख्य रुग्ण बरे होतात.

सकाळचं_ऊन
आर्सेनिक? ते तर विष! कुणी लिहून दिलं?

निवृत्त_पॅथॉलॉजी
मोजून दिलेलं औषध आहे. एम 3 मध्ये ते जगभर देतात. त्यांना घाबरवू नका.

आणखी दोन गोष्टी. काहींना ट्रेटिनॉइननंही कॅल्शियम वाढतं, त्यावर डीचे 3 सॅशे पडलेत. आणि या उपचारात पेशी झपाट्यानं पक्व होताना ताप, धाप, पायावर सूज, अचानक वजन वाढणं असं होऊ शकतं. यातलं काही आहे का? घरून मल्टिव्हिटॅमिनही देऊ नका, त्यात ए असतं.

आप्पांचा_मुलगा
वजन मंगळवारपासून अडीच किलो वाढलंय. आम्हाला बरं वाटलं होतं, खायला लागलेत म्हणून. आईनं शेंगाची चटणी-भाकरी पाठवली होती. काल रात्री उशी उंच करून मागत होते.

निवृत्त_पॅथॉलॉजी
आत्ता वॉर्डात जा. सकाळची वाट बघू नका. तीन वाक्यं सांगा: वजन अडीच किलो वाढलंय, आडवं झालं की धाप लागते, डीचे 3 सॅशे दिलेत.

कडक_भाकरी
सॅशेचं रिकामं पाकीट सोबत न्या. रागावतील म्हणून लपवू नका.

आप्पांचा_मुलगा
रात्री 1 वाजता लिहितोय. एक्स-रे काढला, ऑक्सिजन लावलाय, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. कॅल्शियम 11.2 आलंय, म्हणजे वाढलेलं, सॅशे बंद. ड्युटीवरच्या मॅडम रागावल्या नाहीत, आधी का नाही सांगितलं एवढंच विचारलं. मला वाटलं होतं सॅशे म्हणजे ताकदीची पावडर, त्यात काय सांगायचं. आप्पा झोपलेत, सपाट उशीवर नाही पण झोपलेत.

पूर्वभाग
रक्तदाते लागले तर इथंच लिहा. आमच्या गल्लीतली 4 पोरं तयार आहेत. सकाळी डबा कुणी आणणार आहे का?