जुन्या ब्रेझावर १७,७०० ची वॉरंटी घ्यावी का? घरात दोन पार्ट्या पडल्यात

परभणीचा पावणा
राम राम मंडळी. मेहुण्यासाठी सेकंड हँड गाडी बघायलोय. संभाजीनगरला एका डीलरकडं २०१९ ची ब्रेझा डिझेल एएमटी सापडली, एमएच २० पासिंग, सिंगल ओनर, मीटरवर ७८ हजार, ६ लाख ४० सांगतोय. चालवून बघितली, बरी वाटली. कंपनीची वॉरंटी कवाच संपली. आता डीलर मागं लागलाय की एक वर्षाची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्या, १५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १७,७००. "इंजिन गिअरबॉक्स सगळं कव्हर हाय, बिनघोर झोपा" असं चाललंय त्याचं. मेहुणा मानवतचा, सोयाबीन-कापूस करतो, तो म्हणतो घेऊन टाकू. मी म्हणतो कशाला. सासरेबुवा दोघांच्याही बाजूनं मान हलवायलेत. सांगा काय करावं.

जालना स्पॅनर
नका घेऊ. मी गॅरेजवाला माणूस, २२ वर्षं झाली हात काळे करून. साधा हिसाब आहे, १५ हजारात डीलरचं कमिशन, वॉरंटी कंपनीचा ऑफिस खर्च, नफा, सगळं निघतं आणि मग उरलेल्यात तुमचे क्लेम. सगळ्यांना जेवढं वाटतात त्यापेक्षा जास्त गोळा केल्याशिवाय ते दुकान चालेल का? आणि ७८ हजाराच्या डिझेल गाडीत खराब काय होतं तर क्लच प्लेट, बुश, लिंक रॉड, शॉकअप, ब्रेक पॅड, बॅटरी. यातलं एक पण वॉरंटीत बसत नाही, "झिजणारे पार्ट" म्हणून बाहेर काढतात. म्हणजे जे बिघडणार ते कव्हर नाही, आणि जे कव्हर आहे ते त्या एका वर्षात बिघडंलच असं नाही. १७,७०० पोस्टात टाका वेगळे, गाडी काही बोलली की काढा.

लातूरचा मास्तर
स्पॅनरभाऊंशी सहमत नाही. एएमटी आहे हे विसरलात. एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच आणि गिअर टाकायचं काम माणसाऐवजी अ‍ॅक्चुएटर करतो. तो अ‍ॅक्चुएटर गेला की गाडी जागेवर. माझी दुसऱ्या कंपनीची जुनी एएमटी, घेतल्यावर सातव्या महिन्यात औसा रोडला न्यूट्रलमध्ये अडकली, कितीही एक्सलेटर द्या, नुसता आवाज. सर्व्हिस सेंटरनं ४१ हजाराचं एस्टिमेट हातात दिलं. मी वॉरंटीला १३ हजार भरले होते, त्यातून ३६ हजार मिळाले, बाकीचे ऑइल, कुलंट आणि किरकोळ सामान म्हणून माझ्याकडून. मला तर परवडली.

जालना स्पॅनर
सर एक माणूस लॉटरी जिंकला म्हणून तिकीट काढणं शहाणपणाचं होत नसतं.

लातूरचा मास्तर
लॉटरी नाही ओ, उलटंय. लॉटरीत न लागलं तर दहा रुपये जातात, इथं वॉरंटी नसंल आणि अ‍ॅक्चुएटर गेला तर ४१ हजार एकदम जातात, आणि ते कोणत्या महिन्यात जातील हे आपल्या हातात नाही. सरासरीनं कंपनीचाच फायदा होतो हे मला पण कळतं. पण मेहुणेसाहेब शेतकरी आहेत, त्यांचा पैसा सोयाबीन निघाल्यावर येतो, दिवाळीच्या अलीकडंपलीकडं. जूनमध्ये बी-खताला पैसे लागतात, तेव्हा गाडी बसली तर? पोस्टातले १७ हजार पुरणार नाहीत, आणि खरं बोलायचं तर ते पोस्टात राहणार पण नाहीत.

परभणीचा पावणा
हे बाकी खरंय. मेहुण्याकडं वेगळे ठेवलेले पैसे म्हणजे कोणाच्या तरी लग्नाच्या आहेराला गेलेले पैसे.

बीडचा ऊसवाला
मास्तर तुमचं नशीब चांगलं. माझी कथा ऐका. माझी पण जुनी डिझेल, वॉरंटी घेतलेली, मोठ्या तोऱ्यात. मे महिना, ऊन असं की स्टिअरिंगला हात लावंना, पाटोद्याकडून येताना टेंपरेचरचा लाल दिवा लागला. मला वाटलं गाव आलंच की, १५-१६ किलोमीटर तशीच हाणली, सोबत आई होती, रस्त्यात सावली नाही का पाणी नाही, उभं कुठं करणार. घरी आलो तर बॉनेटातून वाफ, हेड गॅस्केट गेलं, हेड वाकलं. क्लेम टाकला. उत्तर आलं की मूळ बिघाड कुलंटच्या पायपाचा, तो रबरी पार्ट कव्हर नाही, आणि दिवा लागलेला असताना गाडी चालवली हा तुमचा निष्काळजीपणा, म्हणून त्यामुळं झालेलं नुकसान पण कव्हर नाही. शिवाय मधली एक सर्व्हिस मी गावातल्या मिस्त्रीकडं केलेली, तेवढं पण लिहून दिलं त्यांनी, मेलेल्याला अजून एक काठी. ५२ हजार खिशातून गेले आणि वॉरंटीचे गेले ते वेगळेच. नाव घेत नाही कंपनीचं, पण आता वॉरंटी शब्द ऐकला तरी डोकं दुखतं.

जालना स्पॅनर
वॉरंटीच्या विरोधात मीच आहे पण दादा इथं चूक तुमची आहे. लाल दिव्यावर १५ किलोमीटर हाणल्यावर नवीन गाडीचं इंजिन पण बसलं असतं आणि कंपनीनं पण हात वर केले असते. जागेवर बंद करून टोइंग बोलावलं असतं तर पाचशे-सातशेच्या पायपात आणि कुलंटात भागलं असतं.

बीडचा ऊसवाला
पाटोद्याच्या रस्त्यावर मे महिन्यात दुपारी दोनला टोइंग बोलवा अन् मग सांगा मला.

निळं जॉबकार्ड
मी सहा वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो नांदेडला, आता सोडलं. दोन्ही बाजूचे लोक अर्धं बरोबर बोलायलेत. पावणे, आधी हे विचारा की वॉरंटी देतंय कोण. गाडीच्या कंपनीची स्वतःची एक्स्टेंडेड वेगळी, ती पहिल्या मालकानं मुदतीत घेतलेली असंल तर अर्ज करून तुमच्या नावावर होते, तिथं भांडण कमी. मारुतीच्या ट्रू व्हॅल्यूत, म्हणजे त्यांच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात, सर्टिफाइड गाड्यांना एक वर्षापर्यंतची वॉरंटी न् तीन फ्री सर्व्हिस मिळतात ते अजून वेगळं. तुम्हाला डीलर जी देतोय ती बहुतेक तिसऱ्याच कंपनीची आहे, डीलर फक्त विकणारा. क्लेमच्या दिवशी तो म्हणणार "माझ्या हातात नाही", आणि खरंच नसतं.

आणि माझ्यासमोर जे क्लेम फेटाळले गेले त्यात बिघाडावरून वाद कमी, कागदावरून जास्त. सर्व्हिस १० हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते, लोक १३ हजाराला आणतात, संपलं. दुसरं म्हणजे मंजुरी यायच्या आधी इंजिन खोललं, संपलं. आणि खोलायला परवानगी मिळाली पण खोलल्यावर निघाला न बसणारा पार्ट, तर खोलण्याची मजुरी गिऱ्हाइकाच्या बोकांडी. हे कोणी सांगत नाही. काही प्लॅनमधे सुरुवातीचे १५-३० दिवस क्लेमच चालत नाही, आणि घेतानाच असलेला बिघाड तर कुठंच चालत नाही. म्हणून घेतानाच स्कॅनर लावून रिपोर्ट हातात ठेवा, नंतर "आधीपासूनच होतं" म्हणायला जागा राहत नाही.

तेरणाकाठ
सगळे इंजिनावर भांडायलेत, पण २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं जे पाणी आलं ते विसरले काय? धाराशिव, बीड, लातूर, नांदेड, कुठं गाड्या बुडाल्या नाहीत? त्या सगळ्या भंगारात गेल्या म्हणता? धुवून पुसून डीलरकडं उभ्या आहेत. पाण्याचं नुकसान या वॉरंटीत येत नाही, ते इन्शुरन्सचं काम, त्यातही इंजिनात पाणी गेलं तर इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅडऑन लागतं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, टोकाला गाळाची रेघ दिसते. स्टेपनीचा खड्डा बघा, सीटखालचे नट गंजलेत का बघा. वरून अत्तर मारलेली गाडी असंल तर सरळ मागं फिरा.

जालना स्पॅनर
हा माणूस कामाचं बोलला. आणि इन्शुरन्सची पॉलिसी मागून एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती आहे बघा. ५० टक्के असंल तर सलग पाच वर्षं क्लेम नाही, शून्य असंल तर विचारा काहून शून्य.

बीडचा ऊसवाला
मला कोणीतरी म्हणालं होतं ग्राहक आयोगात जा, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा म्हणून. ५ लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी पण नाही म्हणे. पण बिलं गावातल्या मिस्त्रीची, ती पण कच्ची. काय घेऊन जाऊ.

निळं जॉबकार्ड
कच्च्या बिलावर अवघड आहे दादा, खोटं कशाला बोलू.

परभणीचा पावणा
काल डीलरकडून टर्म्सचा कागद मागवला व्हॉट्सॲपवर. आधी "कशाला लागतो सर, विश्वास ठेवा" करत होता, मग पाठवला, ११ पानं, सगळं इंग्रजी, भाचीला घेऊन बसलो. वर्षाला एकूण ५० हजारच्या वर देणार नाहीत. टर्बो कव्हर, इंजेक्टर नाही. एएमटीचा अ‍ॅक्चुएटर कव्हर (मास्तर जिंकले), क्लच नाही (स्पॅनरभाऊ जिंकले). सर्व्हिस फक्त ऑथराइज्डला, म्हणजे मानवतहून परभणी. पहिले ३० दिवस क्लेम नाही. आणि हे बघून आधीच्या सर्व्हिसचं रेकॉर्ड मागितलं तर ५२ हजार किलोमीटरनंतरचं एकही बिल नाही. डीलर म्हणतो "ओनरनं बाहेर केली असंल".

लातूरचा मास्तर
५२ ते ७८, म्हणजे २६ हजार किलोमीटर गाडीनं काय खाल्लं कोणालाच माहीत नाही. आता मी पण म्हणतो थांबा. माझ्या गाडीचं सगळं रेकॉर्ड होतं म्हणून क्लेम निघाला.

जालना स्पॅनर
आता कसं.

लातूरचा मास्तर
वॉरंटी फालतू आहे असं अजूनही नाही म्हणत मी. या गाडीवर काढून उपयोग नाही एवढंच. हीच गाडी पूर्ण रेकॉर्डची असती तर एएमटीसाठी मी १७,७०० भरायलाच सांगितलं असतं.

जालना स्पॅनर
आणि मी तेव्हा पण नका म्हणलो असतो, ते जाऊद्या.

परभणीचा पावणा
मेहुण्याला फोन केला तर तो म्हणतो रंग आवडलाय. बायकोला फोटो पाठवलाय त्यानं, आता मागं फिरणं अवघड. डीलरला म्हणलं रेकॉर्ड नाही तर कमी करा, तो ६ लाख १५ वर आलाय, वॉरंटीशिवाय. स्पॅनरभाऊ, जालन्याहून संभाजीनगर काही लांब नाही, येता का बघायला? पेट्रोल, जेवण, हजेरी सगळं आमच्याकडून.

जालना स्पॅनर
रविवारी नाही जमत, सोमवारी अर्धा दिवस मोकळाय. डीलरला सांगा सकाळपासून गाडीला हात लावू नको, गार इंजिनावर स्टार्ट करून धूर बघायचाय. मग ऑइलचं झाकण उघडून बॅक मारतीय का, म्हणजे आतून हवा-धूर वर फेकतीय का, बघतो. आपण पोचायच्या आधी त्यानं तापवून ठेवलेली दिसली तर बॉनेट न उघडताच जेवायला जाऊ.