लपवण्यासारखं काही नसलं तरी

अमेरिकी व्हिसासाठी सोशल मीडिया खाती सगळ्यांना खुली करावी लागतात, त्यावर 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरायचं कशाला' असं कुणीतरी लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही. या व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात मागच्या ५ वर्षांतली सोशल मीडिया खाती २०१९ पासूनच विचारतात. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरपासून एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) वाल्यांनाही ती 'पब्लिक' ठेवायला सांगितलंय.

माझ्या भाचीने मुलाखतीआधी इन्स्टाग्राम खुलं केलं, तेव्हा आजीचे हॉस्पिटलातले फोटो आणि मैत्रिणींच्या जुन्या कमेंटीही सगळ्यांपुढे आल्या. त्या मैत्रिणींना कुणी विचारलं होतं? रात्री दोनपर्यंत पोर एकेक पोस्ट पुन्हा वाचत बसली होती. आता तिकडे पोचल्यावरही साध्या बातमीला लाइक करताना तिचा अंगठा थबकतो, हे मला फार लागतं.