हँक पार्कहर्स्टला संस्थापक म्हणायचे की नाही?

हिशेबनीस
अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनमध्ये बिल विल्सन आणि डॉ. बॉब यांनी स्थापली आणि बाकीच्यांनी नुसते टाळ कुटले, हे परवाचे विधान वाचून राहवले नाही. दारूपायी स्टँडर्ड ऑइलमधली नोकरी घालवलेला हँक पार्कहर्स्ट मागे लागला नसता, तर संघटनेचे 1939 चे मूळ पुस्तक निघालेच नसते. न्यूअर्कमधल्या त्याच्या कचेरीत बिल मजकूर सांगे आणि तिथली सेक्रेटरी रूथ हॉक तो टंकलिखित करीत असे. पुस्तकासाठी 25 डॉलरचा एक असे शेअर काढून भांडवल उभे करण्याचा खटाटोपही हँकचाच.

तिसरी पायरी
शेअर खपवणे म्हणजे संघटना स्थापणे नव्हे. हा गृहस्थ पुस्तक निघाले त्याच वर्षी पुन्हा पिऊ लागला आणि पुढे बिलच्या नावाने बोटे मोडत राहिला. पैशाने चळवळ नासेल, हे ज्याच्याकडे मदत मागितली त्या धनाढ्य रॉकफेलरला 1938 मध्येच कळले होते. तुम्हाला अजून कळत नाही.

उंबरठा
व्यापारीच हवा असेल तर रोलंड हॅझर्ड घ्या. ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती धार्मिक चळवळीचा मार्ग त्याने बिलचा जुना पिणारा मित्र एबी थॅचर याला दाखवला आणि तोच निरोप एबीने 1934 मध्ये बिलपर्यंत पोहोचवला.

लाल बावटा
तुम्ही पैशावरच अडून बसला आहात. हँक आणि जिम बरवेल या दोन नास्तिकांनी हट्ट धरला म्हणून दारू सोडण्याच्या, पुस्तकातल्या बारा पायऱ्यांमध्ये ‘आम्हाला उमजला तसा देव’ आला आणि सातव्या पायरीतले गुडघे टेकणे गेले. माझे वडील गिरणीतले, युनियनचे. देवाचे नाव निघाले की उठून चालू लागणारे. पहिल्याच मीटिंगला ते जिन्यापर्यंत गेले होते, तेव्हा एका म्हाताऱ्या सभासदाने त्यांच्या हातात चहाचा कप देऊन सांगितले, “देव नको ना, मग आम्हाला धरा.” त्यानंतर ते मरेपर्यंत प्यायले नाहीत.

तिसरी पायरी
वडिलांबद्दल आदर आहे, पण त्यांना त्या म्हाताऱ्याने वाचवले, हँकने नव्हे. शरणागती काढून टाकली तर उरतो तो चहापाण्याचा क्लब! माझा भाऊ असाच ‘माझा मी समर्थ’ म्हणत गेला.

लाल बावटा
भावाचे दुःख समजते, परंतु त्याचा दोष नास्तिकांच्या माथी मारू नका. तो म्हातारा जे बोलला, तेवढी फट पायऱ्यांत ठेवण्यासाठी कोणीतरी आधी भांडले होते. शिवाय बिलनेच पुढे या मंडळींनी दार रुंद केल्याचे मान्य केले आहे.

तिसरी पायरी
बरे, दार रुंद करणारा सुतार म्हणा. घर त्याचे नव्हते.

हिशेबनीस
सुतार तर सुतार. मात्र पुस्तकातल्या, नोकरी देणाऱ्या मालकांसाठीच्या प्रकरणाचे श्रेय तरी त्याला द्या. पिणाऱ्या नोकराला कसे वागवावे हे तिथे जितके सडेतोड आले आहे, तितके नोकरी गमावलेल्या माणसालाच लिहिता येते.