आईची शुगर: फायबर वाढवायचं तर जेवणात नेमकं काय बदलू?

शेवग्याची_शेंग
आई ६६ वर्षांची, सोलापूरकडची. शुगरची गोळी मेटफॉर्मिन चालू आहे. या वेळी जेवणानंतरची शुगर चढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी तूर्त तीच ठेवू, जेवणात फायबर वाढवा, तीन महिन्यांनी एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) बघू. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी, रात्री आमटी-भात असं तिचं ठरलेलं. कवळी आहे, त्यामुळे कच्चं, कडक चालत नाही. ओट्स करून दिले तर म्हणाली, "ही खळ कुणासाठी?" घरात प्रत्यक्ष चाललेलं काही सांगा.

कुळीथप्रेमी
आता सगळे ज्वारीची भाकरी सांगतील. करा जरूर, पण चमत्काराची आशा नको. कोंड्यासकट गव्हाच्या पिठात आणि ज्वारीच्या पिठात फायबर जवळपास सारखंच, १०० ग्रॅमला १०-११ ग्रॅम. कच्च्या पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाही. म्हणजे खरी गोम रात्रीच्या भातात आहे. भात निम्मा करा आणि वाटीभर उसळ वाढवा. माझ्या सासूबाईंनाही कवळी आहे. मोडाची मटकी कुकरला दोन शिट्ट्या जास्त दिल्या की मऊ होते. आणि कणीक बारीक चाळणीने चाळत असाल तर ते आधी थांबवा.

पिठलंभाकरी
+१. पोह्यांत मटार, गाजर, फरसबी इतकी घाला की पोहे शोधावे लागतील. भाकरी पालेभाजीच्या पातळ भाजीत कुस्करून द्या. 'डायबेटिक' बिस्किटांच्या नादी लागू नका, पुड्यामागचा मजकूर वाचा, पहिला घटक बहुतेकदा मैदाच असतो.

औषधवाला
दुकानात रोज हेच विचारतात म्हणून लिहितो. इसबगोल, मेथ्या, ओट्स, डाळी यांतलं विरघळणारं फायबर पोटात पाणी धरून बुळबुळीत होतं. मग अन्न हळू पुढे सरकतं आणि साखर रक्तात एकदम उसळत नाही. इसबगोल घेणारच असाल तर मोठा पेलाभर पाण्यात, कोरडा कधीच नाही, आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब. सगळं एका आठवड्यात वाढवलंत तर गॅसेस होतील आणि आई पुन्हा भातावर येतील. हळूहळू वाढवा, पाणीही वाढवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, शुगर खाली जाऊ शकते. किडनीचा त्रास असेल तर डाळी-उसळीही विचारूनच.

शेवग्याची_शेंग
किडनी ठीक आहे, गोळी फक्त मेटफॉर्मिन. मटकी आजच भिजवते. फळांचं काय? पेरूच्या बिया कवळीखाली जातात. आणि गुरुवारचा उपवास असतो, तेव्हा साबुदाण्याची खिचडी ठरलेली!

कुळीथप्रेमी
पिकलेली पपई द्या, चार-पाच फोडी. रस मात्र कुठल्याच फळाचा नको, गाळताना फायबर चोथ्यात जातं.

पिठलंभाकरी
साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यात फायबर नावालाच. आमच्याकडे राजगिऱ्याची भाकरी आणि किसलेल्या काकडीची कूट घालून कोशिंबीर असते. पहिले दोन गुरुवार बाबांनी तोंड वाकडं केलं. आता खिचडी एकादशीपुरती, तीही छोटी वाटी.

शेवग्याची_शेंग
राजगिरा चालेल म्हणाली. पण भाकरी नको, थालीपीठ हवंय.

पिठलंभाकरी
मग काकडी त्यातच किसून घाला. तेल बेताचं.