नवऱ्याची रोडबाइक मला बसेल का? (मदत हवी आहे)

सव्वापाच

लोकहो, आधी पूर्वपीठिका. 2021 मध्ये सगळ्यांनी घेतली तशी आमच्या नवऱ्यानेही रोडबाइक घेतली. सहा महिने खडकवासला, सिंहगड पायथा आणि फोटो. मग ऑफिस सुरू झालं आणि सायकल बाल्कनीत गेली. तिच्या हँडलवर मी स्वतः टॉवेल वाळत घातलेत, खोटं कशाला सांगू. या जानेवारीत मैत्रिणीच्या नादाने तीच खाली उतरवली आणि आता मला तिचं वेड लागलंय. आठवड्यातून तीनदा पहाटे सव्वापाचला मी कोथरूडहून बाहेर पडलेली असते.

अडचण अशी की सायकल त्याच्या मापाची आहे. मी 5 फूट 3 इंच (160 सें.मी.), तो 5 फूट 7. फ्रेम 52 (सें.मी.) ची, हँडल 42 सें.मी. रुंद, स्टेम (हँडलला सायकलशी जोडणारा आखूड दांडा) 100 मि.मी.

पंचवीसेक किलोमीटर झाले की मान आणि खांदे धरतात. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं. परवा घरी आल्यावर कुलपात किल्ली दोन्ही हातांनी फिरवावी लागली. दुसरं म्हणजे ब्रेक. माझी बोटं लिव्हरपर्यंत जेमतेम पहिल्या पेरापर्यंत पोचतात. सासवडहून परत येताना बोपदेवच्या उतारावर मी अक्षरशः देवाचं नाव घेत उतरते.

तिसरं कसं लिहावं कळत नाहीये, पण लिहितेच. सीटचं नाक जिथे टोचतं तिथे आधी बधिरपणा आणि मग जळजळ. मोठी राइड झाली की दुसऱ्या दिवशी लघवीला जाताना डोळ्यांत पाणी येतं.

आतापर्यंत मी सीट पूर्ण पुढे सरकवली आणि जेलचं कव्हर चढवलं. आता वरचे त्रास आहेत तसेच आहेत आणि गुडघ्याची वाटीसुद्धा दुखतेय. एका दुकानात विचारलं तर मालक सायकलीकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, जेन्ट्स सायकल आहे ही. तुम्ही हायब्रिड बघा, पुढे बास्केटपण बसते."

ही विकून बायकांची म्हणून मिळते ती रोडबाइक घ्यावी का? की हिच्यातच काही होऊ शकतं? डिसेंबरमध्ये 200 कि.मी.ची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) करायची इच्छा आहे, म्हणजे साडेतेरा तास त्या सीटवर. नवरा म्हणतो विकू नको, मी परत सुरू करणार आहे. हे तो दर एक तारखेला म्हणतो.

चेनगँग

होईल सवय. सुरुवातीला सगळ्यांचंच दुखतं.

सव्वापाच

पाच महिन्यांत जवळपास 1400 कि.मी. झालेत हो. सुरुवात किती किलोमीटरला संपते?

पानेवाला

ताई, विकायची घाई करू नका. 160 उंचीला 52 म्हणजे एखादा साइझ मोठा आहे, अगदीच अशक्य नाही. पण आधी ती सीट मागे घ्या. हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे. सीटची जागा पायांच्या हिशोबाने ठरते, हातांच्या नाही. सीट फार पुढे गेली की गुडघा पायडलच्या पुढे जातो आणि वाटीवर ताण येतो. शिवाय अंगाचं वजन पुढे ढकललं जातं, ते हातांवर. तुमची करंगळी त्यातूनच बधिर होत असणार. तळहाताच्या त्या कडेने जी नस जाते ती चेपली जाते.

मापं घ्या आणि इथे लिहा. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला 0.883 ने गुणा. क्रँक (पायडलचे दांडे) ज्या आसाभोवती फिरतात तिथपासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण तेवढी उंची हवी. मग क्रँक आडवे करून बसा आणि कोणाला तरी पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडायला सांगा. गवंड्याचाच हवा असं नाही, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. दोरा पायडलच्या आसाच्या आसपास पडला पाहिजे. हा काही वेदातला मंत्र नाही, पण सुरुवात इथून करायची.

आणि एक सांगा, सिग्नलला सीटवरून उतरून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं राहता येतं का?

नाना_मिरज

दांडीवरून आठवलं. आमच्या आळीत घराघरांत एकच सायकल असायची, वडिलांची, चोवीस इंची काळी. मुली काय आणि मुलगे काय, सगळे दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारत शिकले. माझी थोरली बहीण तशीच शिकली, तेही परकर खोचून. पुढे तिला नोकरीसाठी लेडीज सायकल घेतली, तेव्हा ती म्हणाली, हिच्यात पाय घालायला भोक आहे, बाकी काय वेगळं? अवांतराबद्दल क्षमस्व.

कॅडेन्स

नाना, अवांतर कसलं, तोच मुद्दा आहे. जुन्या लेडीज सायकलची वाकवलेली दांडी साडी आणि स्कर्टसाठी होती. बाईच्या शरीराचं माप काढून कोणी ती बनवली नव्हती. 1894 मध्ये ॲनी लंडनडेरी सायकलवरून जग फिरायला बोस्टनहून निघाली, ती 42 पौंडांची लेडीज सायकल घेऊन. म्हणजे 19 किलो. शिकागोपर्यंत कशीबशी पोचली आणि तिथे तिने स्टर्लिंग कंपनीची पुरुषांची 21 पौंडांची सायकल घेतली आणि स्कर्ट सोडून ब्लूमर (सैल विजारीसारखा पोशाख) घातले. वजन निम्मं झालं. तेव्हा जेन्ट्स सायकल हाच बाईचा फायदा होता!

घाटकरीण

अगं सव्वापाच, तिसरा मुद्दा लिहिलास ते बरं केलंस. मी दोन वर्षं कोणाला बोलले नव्हते. ग्रुपमध्ये बारा पुरुष आणि मी एकटी, विचारणार कोणाला? आता उलगडून सांगते, पुरुष मंडळींनी हवं तर स्क्रोल करावं.

पहिलं म्हणजे जेलचं कव्हर आजच काढून टाक. मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नको तिथे दाबतो. भार बसण्याच्या दोन हाडांवर पडायला हवा, मधल्या नाजूक भागावर नाही. म्हणून सीटची रुंदी महत्त्वाची. घरीच मोजता येते. खोक्याचा नालीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेव, पातळ पायजमा घालून त्यावर बस, थोडी पुढे वाक आणि टाचा उचल. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसतील. पेन्सिल आडवी फिरवलीस की अजून स्पष्ट. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोज. त्यात अंदाजे 2 सें.मी. मिळव, तेवढी सीट बघायला लाग. बायकांचं हे अंतर सरासरीने थोडं जास्त असतं, पण सरासरी तुझ्या कामाची नाही. माझ्या नवऱ्याची सीट माझ्यापेक्षा रुंद आहे.

मधे खाच असलेली, आखूड नाकाची सीट मला मानवली. मैत्रिणीला तीच खाच कडांना कापायची, तिला भरीव लागली. त्यामुळे शक्य असेल तर कोणाची तरी मागून आठवडाभर वापरून बघ. आणि सीट सपाट आहे का ते पाण्याच्या लेव्हलने बघ. नाक वर असेल तर सगळं कळलंच. खाली करायचं तर एखाद-दोन अंश, जास्त केलीस तर घसरून पुन्हा भार हातांवर.

आता मुख्य प्रश्न. पॅडवाल्या शॉर्ट्सच्या आत निकर घालतेस का?

सव्वापाच

घालते. घालायची नसते??

घाटकरीण

नसते गं बाई! शिवण बरोब्बर तिथेच येते, घाम धरून ठेवते आणि घासून घासून सोलवटतं. पॅड थेट कातडीला लागायला हवं. प्रत्येक राइडनंतर धुवायचं आणि घरी आल्या आल्या शॉर्ट्स बदलायच्या. त्यातच बसून पोहे खायचे नाहीत. लांब राइडला घासतं तिथे क्रीम लावायचं. हे करूनही जळजळ, सूज राहिली किंवा गाठ लागली तर डॉक्टरांना दाखव, अंगावर काढू नकोस.

सव्वापाच

सगळ्यांचे आभार. मापं अशी: पायांची लांबी 74 सें.मी., म्हणजे सीट 65.3 हवी. होती 67! नवऱ्याच्या खुणेवरून मी अंदाजाने खाली केली होती, ती पुरेशी नव्हती. पुठ्ठ्यावर 13 सें.मी. भरलं आणि सीट निघाली 143 मि.मी.ची. खांद्यांच्या हाडांमध्ये 37 सें.मी. दोन्ही पाय टेकले तर दांडी लागते, पण चवड्यांवर निभावतं. सायकल थोडी कलती धरते.

पानेवाला

मग ठीक. दांडी याहून जास्त लागली असती तर मीच विका म्हणालो असतो.

हँडलकडे वळू. बायकांची छोटी सायकल घेतली की हात आपोआप जवळ येतील असं वाटतं, पण कुठल्याही कंपनीचा मापांचा तक्ता उघडा. लागोपाठच्या दोन साइझमध्ये रीचचा (फ्रेमच्या पुढच्या लांबीचा) फरक बहुधा 5 ते 10 मि.मी. इतकाच असतो. कारण चाकाचं माप तेच, 700सी. फ्रेम फार आखूड केली तर वळताना बूट पुढच्या चाकाला घासतो. अमेरिकेत जॉर्जिना टेरीने 1985 मध्ये बायकांसाठी सायकली विकायला काढल्या तेव्हा हाच पेच होता. तिने लहान फ्रेमना पुढचं चाकच लहान, 24 इंची लावलं. दिसायला विचित्र, पण डोकं चालवलेलं.

तुमचा फरक मात्र स्टेमने भागेल. 100 चा काढून 70 चा लावा, बाकपण थोडा वरचा घ्या. एका फटक्यात हात 3 सें.मी. जवळ. स्टिअरिंग थोडं चपळ होईल, दोन दिवसांत हात बसेल. 70 च्याही खाली जावं लागलं तर मात्र फ्रेम चुकली असं समजायचं. स्वतः बदलणार असाल तर आवळताना आधी वरचं टोपीचं बोल्ट, मग बाजूचे. उलट क्रमाने केलंत तर हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) खुळखुळत राहील. टॉर्कचा पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा) वापरा, बहुतेक स्टेमवर 5 न्यूटन मीटर वगैरे छापलेलं असतं.

ब्रेक उद्यावर टाकू नका, बाकी सगळं थांबू शकतं. शिमानोच्या बहुतेक नव्या लिव्हरना तो हँडलजवळ आणायचा बारीक स्क्रू असतो, जागा मॉडेलप्रमाणे बदलते. स्क्रू फिरवल्यावर केबल पुन्हा ताणून घ्या आणि लिव्हर पूर्ण दाबल्यावर हँडलला टेकत नाही ना ते बघा. आणि उतारावर हूड्सवरून (लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवरून) ब्रेक मारू नका. खाली ड्रॉप्समध्ये (हँडलच्या खाली वळलेल्या भागात) हात ठेवा, तिथून दोन बोटांत ताकद लागते. खाली जायची भीती वाटते ती हँडल लांब असल्यामुळे, स्टेम बदलल्यावर जाईल.

42 चं हँडल तुमच्या खांद्यांना रुंद आहे, 38 हवं. पण त्यात केबल, टेप सगळं उसवावं लागतं. मेकॅनिककडे द्या. क्रँक 165 मि.मी.चे केले तर बरं, पण तो खर्च आत्ता नको.

रिकामटेकडा_रायडर

पण बायकांचे पाय लांब आणि धड आखूड असतं ना? म्हणूनच वेगळी भूमिती लागते असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

कॅडेन्स

लिहिलेलं असतं खरं. जायंट या सायकल कंपनीच्या बॉनी तू यांनी 2008 मध्ये बायकांसाठी लिव्ह हा वेगळा ब्रँड काढला, तो अजून बायकांच्या मापांवरून फ्रेम बनवतो. स्पेशलाइज्ड या दुसऱ्या कंपनीने मात्र हजारो लोकांच्या फिटची मापं तपासून उलटा निष्कर्ष काढला: स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या फरकापेक्षा दोन बायकांमधला फरक मोठा असू शकतो. 2019 च्या सुमारास त्यांनी रोडच्या बायकांच्या वेगळ्या फ्रेम बंद केल्या. सीट, हँडल, स्टेम तेवढं मापाप्रमाणे. माझं मत विचाराल तर दोघांच्याही म्हणण्यात थोडी विक्री आहे. पण छोट्या सायकलला रुंद हँडल आणि लांब स्टेम लावून "युनिसेक्स" म्हणून खपवणं हा शुद्ध आळस आहे. ते सोसतात बुटके पुरुषसुद्धा, फक्त ते बोलत नाहीत.

नाना_मिरज

मी 5 फूट 2. बोलतो की.

सव्वापाच

सहा आठवड्यांनी अपडेट देतेय. अर्धवट सोडलेल्या धाग्यांचा मलाही राग येतो.

लिव्हर त्याच दिवशी जवळ आणले. सीट खाली आणि मागे गेली, गुडघा दहा दिवसांत शांत. निकरबंदी अमलात आणली, घाटकरीण, तुला साष्टांग नमस्कार. खाचवाली 155 ची सीट एकीकडून उसनी आणून वापरली, मग तशीच घेतली. जळजळ गेली. बधिरपणा तीन तासांनंतर थोडा येतो, पण मधूनमधून उभं राहून पायडल मारलं की जातो.

70 चा स्टेम मीच बसवला. टोपीचं बोल्ट पहिल्यांदा विसरले, हेडसेट खुळखुळला, पानेवाल्यांची आठवण आली. 38 चं हँडल मेकॅनिकने लावलं. पहिल्या दिवशी वाटलं की हात कोणीतरी आणून माझ्या खांद्यांना परत लावलेत. मागच्या रविवारी 110 कि.मी. झाले. मान शेवटी धरली, पण किल्ली एका हाताने फिरली. बोपदेव उतरताना ड्रॉप्समध्ये होते, देवाचं नाव फक्त एका वळणावर घेतलं.

सिग्नलला मात्र अजून चवड्यांवरच. ते तसंच राहणार, पुढची सायकल घेईन तेव्हा 48 चीच घेईन.

नवरा काल उत्साहाने सोसायटीत चक्कर मारायला घेऊन गेला. पाच मिनिटांत परत. म्हणाला, हँडल पोटात येतं, सीट टोचते, ही लेडीज करून टाकलीस तू. त्याला धागा काढायला सांगितलाय.

100 चा स्टेम आणि 42 चं हँडल माळ्यावर आहे. तो म्हणतो ठेव, मी परत सुरू करणार आहे. कोणाला हवं असेल तर एक तारखेच्या आत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.