मदत हवी आहे : वजन कमी करण्यासाठी ऑनलाइन कोर्स कुणी केलाय का?

नमस्कार मंडळी. मी सातारकर, वय 44, उंची 160 सेंमी, वजन 78 किलो. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) तीसच्या वर. आपल्याकडे 25 लाच लठ्ठपणा धरतात, तेव्हा बोलायलाच नको. शुगर काठावर आहे, म्हणून डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांत निदान चार-पाच किलो उतरवा.

मागे एका अ‍ॅपचे तीन महिन्यांचे पैसे भरले. चार्टमध्ये काय, तर किन्वा आणि अ‍ॅव्होकाडो! भाकरी खाल्ली असं लिहिलं की विचारणार, किती ग्रॅम? सासूबाईंची भाकरी तव्याएवढी. ती काट्यावर ठेवली, तर घरभर हसू झालं. कोच बाई दुसऱ्या आठवड्यापासून नुसता अंगठा पाठवायच्या.

मराठीत बोलणारा खरा आहारतज्ज्ञ, आठवड्याला एक फोन आणि ज्वारी-पिठल्यात बसणारा आहार, असं काही आहे का? किती पैसे पडले? आणि मुख्य म्हणजे, कोर्स संपल्यावर वर्षभर वजन टिकलं का?

अजिंक्यतारा रोज चढतेय. उतरताना मोती चौकातले कंदी पेढे दिसतात, ते वेगळं.

पावडर-शेकवाल्यांनी कृपया मेसेज करू नये.