मदत हवी आहे: १९३२ च्या 'फ्रीक्स'चा खरा शेवट कोणता?

काजवा
रविवारी दाखवायचा आहे, आज गुरुवार, म्हणून सरळ विचारतो. माझ्याकडच्या प्रतीत क्लिओपात्रा, म्हणजे सर्कशीतली झोपाळ्यावर कसरत करणारी बाई, शेवटी बदकासारखी झालेली दिसते आणि सिनेमा संपतो. मित्राच्या प्रतीत त्यापुढे अजून एक प्रसंग आहे. शिवाय वाचलं की सिनेमा दीड तासाचा होता. पूर्ण प्रत कुठे मिळेल? लवकर सांगा.

पाणकावळा
दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगचाच ना? डिस्क आहे की फाइल? लांबी किती? सुरुवातीला लांबलचक मजकूर सरकतो का? काहीच न सांगता कसं कळणार?

काजवा
त्याचाच, सर्कशीतल्या वेगळ्या शरीराच्या कलाकारांचा. फाइल आहे. मजकूर आहे सुरुवातीला, पण त्याचा शेवटाशी काय संबंध?

लोणारवाला
याच्यापेक्षा ब्राउनिंगचाच १९२७ चा 'द अननोन' दाखवा. लॉन चॅनी हात नसल्याचं सोंग घेऊन पायाने सुऱ्या फेकतो, सोबत तरुण जोन क्रॉफर्ड. मी तीनदा पाहिलाय. त्यातलं दुःख जास्त खोल आहे.

जुनी रीळ
काजवा, दीड तासाची प्रत शोधू नका, ती उरलेलीच नाही. जानेवारी १९३२ मधल्या चाचणी खेळांना लोक हादरले, आणि एमजीएम या स्टुडिओने सुमारे ९० मिनिटांचा सिनेमा ६४ वर आणला. कापलेला भाग आजवर सापडलेला नाही. हे कलाकार पावसात क्लिओपात्रावर हल्ला करतात त्याचा बराचसा भाग त्यात गेला, तिचा साथीदार पहिलवान हर्क्युलिसचं पुढे काय होतं तेही गेलं. मित्राच्या प्रतीतला प्रसंग, म्हणजे कमी उंचीच्या हान्सच्या बंगल्यावर त्याची आधीची वाग्दत्त वधू फ्रीडा येते तो, या काटछाटीनंतर जोडलेला. मात्र फेब्रुवारी १९३२ मध्ये सिनेमा लागला तो त्याच्यासकट. तेव्हा मित्राची प्रत न्या. सुरुवातीचा तो मजकूर मूळचा नाही. ड्वेन एस्पर नावाच्या माणसाने नंतर हा सिनेमा नावं बदलून गावोगाव फिरवला, तेव्हा त्याने तो चिकटवला.

मोरपंखी
ब्रिटनमध्ये यावर तीसेक वर्षं बंदी होती, १९६३ मध्ये उठली.

पाणकावळा
बंदीचं कोणी विचारलंय?

तासगावकर
सर्कशीचा विषय निघाला म्हणून सांगतो, आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी १८८० मध्ये सर्कस काढली, ते आमच्या सांगलीकडचे. त्यांच्यावर कोणी नीट सिनेमा काढायला हवा.

पाणकावळा
वेगळा धागा काढा ना. त्याला रविवारची घाई आहे.

चिमणचारा
माझी उंची चार फुटांच्या आत आहे, म्हणून मला यात बोलायचंय. काजवा, दाखवणार कोणाला ते तुम्ही लिहिलंच नाही. सिनेमाचा पहिला भाग मला फार जवळचा आहे. हात नसलेली फ्रान्सिस ओ'कॉनर पायाने जेवते, रँडियन हातपाय नसताना ओठांनी काडी पेटवून सिगारेट शिलगावतो, दाढीवाल्या बाईला मुलगी होते आणि सगळे बघायला जमतात. कॅमेरा तिथे थबकून टक लावत नाही. त्यांचं घर असावं तसं दाखवतो. हान्स आणि फ्रीडा झालेले हॅरी आणि डेझी अर्ल्स हे खरे बहीण-भाऊ. हॅरीनेच मूळ कथा ब्राउनिंगला दाखवली होती, हे मुद्दाम सांगा. आणि हेही सांगा की एमजीएमच्या उपाहारगृहात यातल्या बहुतेकांना इतरांसोबत बसू दिलं नाही, त्यांचं टेबल बाहेर मांडलं. शेवटी त्याच माणसांना चिखलातून सुऱ्या घेऊन सरपटायला लावलं, तिथे माझा जीव तुटतो.

जुनी रीळ
मला तो प्रसंग न्यायाचा वाटतो. हान्सशी लग्न झाल्यावरच्या जेवणात ते क्लिओपात्राला आपल्यात घेतात, ती त्यांच्या अंगावर दारू फेकते. वर हान्सला विष घालते. ब्राउनिंग स्वतः पोरवयात घरातून पळून सर्कशीत गेला होता, त्याला हा राग ठाऊक होता.

चिमणचारा
राग मलाही कळतो. पण त्या अंधारात हान्सचा चेहरा उरत नाही, नुसतं भय उरतं. तासभर ज्यांना माणसं म्हणून पाहिलं, त्यांनाच प्रेक्षक पुन्हा घाबरतो. न्याय असता तर कॅमेरा त्यांच्या बाजूने असता.

लोणारवाला
म्हणूनच 'द अननोन' म्हणत होतो.

काजवा
सोसायटीतल्या आठवी-नववीच्या मुलांना दाखवणार होतो, पालकही असतील. हे आधी लिहायला हवं होतं.

चिमणचारा
नक्कीच लिहायला हवं होतं. मुलांना दाखवा, पण आधी पालकांना एकदा दाखवून घ्या. घाईत रविवारीच हवा असं काही नाही. आणि नंतर बोलायला अर्धा तास ठेवा. मुलं हसतील ते लग्नाआधीच्या प्रसंगात, सर्कशीतले लोक हान्सला हसतात तेव्हा. तिथे थांबवून त्यांना विचारा, कोण कोणाला हसतंय.

काजवा
ठीक, या रविवारी फक्त पालक. मित्राची प्रत आली, डिस्क आहे. पण लांबी ६१ मिनिटं दाखवतेय. तीन मिनिटं कुठे गेली? हीसुद्धा कापलेली आहे का?

जुनी रीळ
युरोपातली डिस्क असेल. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, तिथली डिस्क २५ ने चालते, त्यामुळे सगळंच थोडं भरभर सरतं. काही कापलेलं नाही. बंगल्याचा प्रसंग आहे ना शेवटी?

काजवा
आहे.